अज म्हणजे बोकड की बीज? राजा वसू कुणाच्या गोटात गेला



आजचं वाचन : महाभारत, शांतिपर्व, नारायणीय उपाख्यानातली राजा उपरिचर वसूची कथा. अध्यायांचे क्रमांक प्रत्येक आवृत्तीत थोडे पुढेमागे होतात, म्हणून क्रमांक देत नाही. सूचीत 'उपरिचर' हे नाव शोधा, सापडेल. भीष्म बाणांच्या शय्येवरून युधिष्ठिराला जे सांगतात त्यातलाच हा भाग आहे. वाचायला दहा मिनिटं लागतात. पचायला मात्र वेळ लागतो.

कथेकडे जाण्याआधी एक शब्द घेऊया, जो तुमच्यापैकी बहुतेकांच्या तोंडात दिवसातून दोनदा तरी येतो. गोट. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर 'सचिन गोट आहे' म्हटलं की कुणी वळूनही बघत नाही, सगळ्यांना कळतं. 'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम' याची ती आद्याक्षरं. मोहम्मद अली स्वतःला 'द ग्रेटेस्ट' म्हणवून घ्यायचा, आणि 1992 मध्ये त्याच्या पत्नीने, लॉनी अलीने, त्याचं नाव आणि हक्क सांभाळायला जी कंपनी काढली तिचं नावच या चार अक्षरांचं होतं. पुढे 2000 मध्ये एल. एल. कूल जे या रॅपरने त्याच नावाचा अल्बम काढला आणि शब्द सगळीकडे पसरला. गंमत अशी की त्याआधी कित्येक वर्षं अमेरिकेतल्या खेळांत 'गोट' म्हणजे नेमका उलटा माणूस होता. ज्याच्या चुकीमुळे मॅच गेली, ज्याच्या डोक्यावर सगळं खापर फुटलं, तो गोट.

तो उलटा अर्थ कुठून आला? 'स्केपगोट'वरून, म्हणजे आपल्या 'बळीच्या बकऱ्या'चा इंग्रजी भाऊ. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आहे. दोन बोकड आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. एक परमेश्वराला अर्पण. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक हात ठेवतो, लोकांच्या पापांचा उच्चार करतो आणि त्याला रानात सोडून देतात. हा दुसरा बोकड 'अझाझेल'साठी, असं मूळ हिब्रूत आहे. हे नाव कुणाचं, की जागेचं, यावर फार जुना वाद. 1530 मध्ये विल्यम टिंडेलने इंग्रजी भाषांतर करताना या एका शब्दाचे दोन तुकडे वाचले, 'निघून जाणारा बोकड' असे, आणि इंग्रजीला स्केपगोट हा शब्द मिळाला. म्हणजे एक शब्द कुठे तोडायचा, एवढ्यावरून अख्ख्या भाषेचा एक वाक्प्रचार जन्माला आला.

हे लक्षात ठेवा. आपल्या कथेतही शब्द कुठे तोडायचा हाच प्रश्न आहे.

मराठीत मात्र 'गोट' या शब्दाला आधीपासूनच एक अर्थ आहे: तळ, छावणी, गट. 'विरोधकांच्या गोटातली बातमी' म्हणतो ना आपण, तोच. त्याचा शेळीशी काही संबंध नाही. पण आज दोन्ही गोट लागणार आहेत.

आधी घरातले शब्द पाहू. शेळी, बकरी, बोकड, करडू. शेळीचं नातं छागल, छेलिका या संस्कृत शब्दांशी सांगतात. 'छ'चा 'श' होणं मराठीला नवं नाही. क्षेत्राचं प्राकृतात छेत्त झालं आणि मराठीत शेत. छगणचं शेण झालं. तशीच छेलीची शेळी. बकरा आला 'बर्कर'वरून, म्हणजे मुळात लहान पिल्लू. बोकड प्राकृतातल्या 'बोक्कड'चा. गावात शेळीला 'गरिबाची गाय' म्हणतात आणि ते खरंच आहे. उस्मानाबादी आणि संगमनेरी या आपल्या जाती कमी पाण्यात, काट्याकुट्यांवर निभावतात आणि ज्या घरात गाय परवडत नाही त्या घरात पोरांना दूध देतात. तरी भाषेने तिला काय दिलं? 'शेळपट'. आणि ती म्हण, 'शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड'.

आता संस्कृतातला मुख्य शब्द. अज. स्त्रीलिंगी अजा.

हा शब्द मराठीत कुठे कुठे लपून बसलाय बघा. अजगर म्हणजे अज गिळणारा, बोकड गिळणारा साप. अजागळ हा तर आपल्या आईचा आवडता शब्द. शर्ट खोचला नसेल, केस विस्कटले असतील, की ऐकायला मिळतोच. तो आला 'अजागल'वरून, म्हणजे शेळीचा गळा. काही शेळ्यांच्या गळ्याखाली मांसाच्या दोन लोळ्या लोंबत असतात, दिसतात स्तनांसारख्या, पण त्यांतून दूध येत नाही. संस्कृतात 'अजागलस्तन' म्हणजे असून नसल्यासारखी गोष्ट. धर्म, अर्थ, काम, मोक्ष यांपैकी एकही ज्याने साधला नाही त्याच्या जन्माला सुभाषितकारांनी हीच उपमा दिली. चैतन्यचरितामृतात कृष्णदास कविराजांनी ती आणखी वर नेली. नुसत्या जड प्रकृतीला जगाचं कारण मानणं म्हणजे शेळीच्या गळ्याला दूध काढायला बसणं, असा त्यांचा रोख आहे. (आईला हे सांगू नका. तिला तेवढ्या खोलात जायचं नसतं.)

पण अजची खरी गंमत पुढे आहे. 'अ' म्हणजे नाही, 'ज' म्हणजे जन्मलेला. अज म्हणजे ज्याला जन्म नाही तो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्म्याला अज म्हटलंय, चौथ्यात भगवंत स्वतःला अज म्हणवतात आणि तरी अवतार घेतो असं सांगतात, दहाव्यात अर्जुनही त्यांना तेच विशेषण लावतो. दशरथाच्या वडिलांचं नाव अज. कालिदासाने रघुवंशात त्याचं कारण दिलंय: ब्राह्ममुहूर्तावर जन्म झाला, म्हणून ब्रह्मदेवाचं नाव ठेवलं. ब्रह्मदेवही अजच. अमरकोश उघडलात तर अज या शब्दापुढे तीन अर्थ एका दमात दिलेले दिसतात: विष्णू, शंकर आणि बोकड.

हे वाचून काही जणांना हसू येतं, काहींना राग. दोन्हीची गरज नाही. बोकड या अर्थाचा अज वेगळा, न जन्मलेला या अर्थाचा वेगळा. पहिल्याचं नातं व्याकरणकार 'अज्' म्हणजे हाकणं, चालवणं या धातूशी जोडतात. दुसरा 'जन्' धातूचा. दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन शब्द एकाच रूपात येऊन उभे राहिले. दादर स्टेशनला पश्चिम आणि मध्य रेल्वे एका पुलाखाली येतात तसं समजा.

आता वाद कसा झाला ते ऐका.

चेदी देशाचा राजा वसू. इंद्राने त्याला आकाशात फिरणारं विमान दिलं होतं, म्हणून उपरिचर, वर संचार करणारा. गुढीपाडव्याची एक कथा याच राजाशी जोडली जाते. इंद्राने दिलेली काठी त्याने जमिनीत रोवून तिची पूजा केली, ती. आदिपर्वाप्रमाणे सत्यवती ही त्याची मुलगी, म्हणजे महाभारत सांगणाऱ्या व्यासांचे हे आजोबा. (आजोबांमधला 'आजा' मात्र या अजचा नाही हं, तो 'आर्यक'वरून आला. घरातल्या मोठ्यांना उगाच बोकडाच्या रांगेत बसवू नका.)

हा राजा नारायणाचा एकनिष्ठ भक्त होता. त्याने अश्वमेध केला, बृहस्पती पुरोहित होते, आणि त्या यज्ञात एकही पशू मारला गेला नाही. सगळं रानात उगवणाऱ्या धान्यफळांवर झालं. नारायणाने स्वतः येऊन, कुणाला न दिसता, आपला भाग घेतला. बृहस्पतींना दर्शन झालं नाही म्हणून ते चिडले, पण तो वेगळा प्रसंग.

पुढे देव आणि ऋषी यांच्यात वाद लागला. वेदात सांगितलंय, अजाने यज्ञ करावा. देव म्हणाले, अज म्हणजे बोकड, दुसरा कुठलाही पशू नाही. ऋषी म्हणाले, नाही, श्रुतीचा आशय बियाण्यांनी यज्ञ करावा असा आहे. बियाण्यांनाच अज म्हणतात, बोकड मारणं हा सज्जनांचा धर्म नव्हे, शिवाय हे कृतयुग चालू आहे. इतक्यात वरून वसू आला. दोन्ही पक्षांना तो मान्य. यज्ञ करणारा, दान देणारा, सर्व भूतांचं हित पाहणारा माणूस. हा चुकीचं कसं बोलेल? सगळ्यांनी एकमताने त्याला पंच नेमलं.

वसूने काय केलं? त्याने आधी विचारलं, तुमच्यात कुणाचं मत काय आहे ते मला सांगा.

इथे थांबा. मूळ वाचताना याच ओळीवर बोट ठेवा. शब्दाचा अर्थ विचारला होता, तर राजाने शब्दाकडे बघायला हवं. त्याने माणसांकडे बघितलं. ऋषींनी सांगितलं, आम्ही धान्य म्हणतो, देव पशू म्हणतात. देवांचं मत काय ते कळलं आणि वसू म्हणाला, बोकडानेच यज्ञ करावा. महाभारत स्पष्ट सांगतं की त्याने पक्षाचा आश्रय घेऊन असं म्हटलं. आपल्या भाषेत, तो देवांच्या गोटात गेला. ऋषींनी शाप दिला तोही याच शब्दांवर: तू देवांचा पक्ष घेतलास, म्हणून आकाशातून पड. आणि तो पडला, सरळ जमिनीच्या पोटातल्या विवरात.

बरेच कीर्तनकार इथे थांबून सांगतात की अजचा खरा अर्थ बीज, वसू चुकला, शिक्षा झाली. मला हे पुरत नाही. कारण नुसतं शास्त्र म्हणून पाहिलं तर देवांची बाजू कच्ची नव्हती. मीमांसकांचा नियम आहे की शब्दाचे दोन अर्थ समोर आले, एक फोड करून निघणारा आणि एक लोकांत रुळलेला, तर रुळलेला अर्थ बलवान. पहिल्याला योग म्हणतात, दुसऱ्याला रूढी. आणि यज्ञातल्या पशूबद्दल मीमांसेत चर्चा आहे, तिचा निर्णयही बोकडाच्याच बाजूने आहे.

रूढी कशी जिंकते हे मुंबईकराला शिकवायला नको. 'हिंदमाता' या शब्दाची फोड करा: हिंदची माता, भारतमाता. किती उदात्त! आणि टॅक्सीवाल्याला 'हिंदमाता' म्हटलं की तो काय समजतो? दादर आणि परळच्या मधला तो चौक, ड्रेस मटेरियल आणि साड्यांची ओळीने दुकानं, आणि जुलैत गुडघाभर पाणी. सखल बशीसारखा भाग, चारी बाजूंचं पाणी तिथे येतं. आता पालिकेने जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्यात तरी बातम्यांत पावसाचं पहिलं नाव तेच. लग्नाच्या बस्त्यासाठी 'हिंदमाताला जाऊन येते' म्हणणारी बाई देशभक्ती करायला निघालेली नसते. शब्दाची फोड बरोबर आहे, पण त्या वाक्यात तो अर्थ नाही. कुणी तिला अडवून 'हिंदमाता म्हणजे भारतमाता, तुम्ही चुकीचं बोलताय' म्हणाला तर ती पिशवी घेऊन पुढे निघून जाईल, आणि बरोबर करेल.

मग ऋषी चुकले का? तेही नाही. कारण वाक्य कुठे बोललं गेलं, कुणी, कशासाठी, यावरही अर्थ ठरतो. ऋषींनी युगाचा हवाला दिला, सज्जनांच्या धर्माचा दिला. म्हणजे ते फक्त कोश उघडून बोलत नव्हते. आणि खुद्द वसूने आपल्या यज्ञात हाच अर्थ जगून दाखवला होता! स्वतः धान्यावर यज्ञ केलेला माणूस, नारायणाने ज्याचा भाग येऊन घेतला तो माणूस, मोठ्या लोकांसमोर उभा राहिल्यावर म्हणतो, बोकड. त्याला अर्थ माहीत नव्हता असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? त्याला माहीत होतं, आणि त्याने समोर कोण उभं आहे ते पाहून बोललं.

शब्द एकच असला तरी निवाडा दर ठिकाणी नव्याने करावा लागतो याचं दुसरं टोक पाहायचं असेल तर श्वेताश्वतर उपनिषदाचा चौथा अध्याय घ्या. तिथे लाल, पांढरी, काळी अशी एक अजा आहे, आपल्यासारखीच पुष्कळ प्रजा प्रसवणारी. एक अज तिच्यापाशी रमून बसलाय, दुसरा भोग घेऊन तिला सोडून गेलाय. सांख्य म्हणाले, अजा म्हणजे न जन्मलेली, म्हणजे आमची त्रिगुणी प्रकृती, बघा श्रुतीत आमचं तत्त्व आलंय. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात यावर चर्चा आहे. शंकराचार्य सांगतात, केवळ 'अजा' शब्दावरून सांख्यांची प्रकृती सिद्ध होत नाही. हे तेज, जल आणि पृथ्वी यांचं वर्णन आहे, छांदोग्यात त्यांचे हेच तीन रंग सांगितलेत. आणि अजा म्हटलंय ते शेळीचं रूपक म्हणून, जसं मधुविद्येत सूर्याला मध म्हटलंय तसं. म्हणजे बघा, इथे फोड करणारे हरले आणि शेळी जिंकली. यज्ञमंडपात ऋषींनी बोकडाला बाहेर काढलं, उपनिषदात आचार्यांनी शेळीला आत घेतलं. ज्यांना 'अज = अमुक' असं एका ओळीचं उत्तर हवं असतं, त्यांची इथे पंचाईत होते.

जैन पुराणांत हीच कथा जरा वेगळी आहे आणि मला ती जास्त बोचते. तिथे क्षीरकदंब नावाच्या गुरूचे तीन शिष्य: गुरूचा मुलगा पर्वत, नारद आणि राजपुत्र वसू. मोठेपणी पर्वत शिकवायला लागतो, अज म्हणजे बोकड. नारद म्हणतो, अरे, गुरुजींनी सांगितलं होतं की अज म्हणजे तीन वर्षांचं जुनं धान्य, जे पेरलं तरी उगवत नाही. न जन्मणारं, म्हणून अज. पैज लागते, हरणाऱ्याची जीभ कापायची. निवाडा राजा वसूकडे. पर्वताची आई, म्हणजे वसूची गुरुपत्नी, आधीच जाऊन त्याच्याकडून वचन घेते. वसूचं सिंहासन स्फटिकावर असल्यामुळे अधांतरी दिसायचं. लोक म्हणत, सत्याच्या बळावर तरंगतंय. खोटा निवाडा दिला आणि सिंहासन खाली गेलं. इथे दडपण देवांचं नाही, एका आईचं आहे. तिला नाही म्हणणं देवांना नाही म्हणण्यापेक्षा कठीण असतं, हे घरात राहणाऱ्या कुणालाही कळेल.

तिसरी कथा पंचतंत्रातली, कावळे आणि घुबडांच्या तंत्रातली. ससा आणि कपिंजल पक्षी ढोलीवरून भांडतात आणि न्याय मागायला एका मांजराकडे जातात. मांजर नदीकाठी तप करत बसलंय. ते त्यांना अहिंसेवर सुंदर प्रवचन देतं आणि त्यात चक्क हाच मुद्दा येतो: यज्ञात पशू मारणारे मूर्ख आहेत, अज म्हणजे सात वर्षांचं जुनं धान्य! अर्थ अगदी ऋषींचा. मग म्हणतं, म्हातारा झालो, नीट ऐकू येत नाही, जवळ या. दोघं जवळ येतात आणि दोघंही मांजराच्या पोटात जातात.

या तीन कथा शेजारी ठेवल्या की आपल्याला पळायला जागा उरत नाही. बोकड म्हणणारा पडला. धान्य म्हणणारं मांजर तर खुनी निघालं. नुसता शुद्ध अर्थ तोंडी असून भागलं नाही.

हे सगळं आज का लिहितोय? परळच्या एका वाचक मुलाचा मेसेज आला होता. नाव सांगत नाही. घरच्या कुलदैवताला दर काही वर्षांनी बोकड द्यायची रीत आहे. यंदाचा नवस त्याच्या नोकरीसाठी आजीने बोललेला, आणि नोकरी लागली. त्याला मारणं नकोय. आजीला सांगितलं तर ती म्हणते, देवाचं देणं ठेवू नये. चुलते म्हणतात, वेदातच लिहिलंय. त्याने मला विचारलं, 'दादा, तुम्ही एकदा स्पष्ट लिहा की शास्त्रात बोकड नाहीये, मी ती लिंक फॅमिली ग्रुपवर टाकतो.'

म्हणजे त्याने मला वसूच्या जागी बसवलं. आधी त्याचं मत सांगितलं, मग निवाडा मागितला.

मी त्याला लिहिलं ते इथेही लिहितो. शास्त्रात बोकड नाही असं मी लिहिणार नाही, कारण आहे. ऋग्वेदात पूषा देवाचा रथ बोकड ओढतात, अश्वमेधाच्या सूक्तात घोड्यापुढे बोकड चालवलाय आणि तो पूषाचा भाग म्हटलाय. ते झाकून तुझ्या चुलत्यांना जिंकायचं म्हणजे मांजराचं प्रवचन. पण त्याच शास्त्रात वसूची कथाही आहे. भागवताच्या चौथ्या स्कंधात नारद प्राचीनबर्ही राजाला त्याने यज्ञात मारलेले हजारो पशू दाखवतात, ते तुझी वाट पाहतायत असं सांगतात. एक जुनं सुभाषितही आहे, बळी द्यायला सगळ्यांना शेळीचं पोरच कसं सापडतं, वाघ कुणी का आणत नाही, असं विचारणारं. शेवटी देवही दुबळ्यालाच मारतो असा त्याचा कडू सूर आहे. माझं मत विचारलंस तर बोकड मारू नकोस. पण हे माझं आणि तुझं मत आहे, आणि ते आपल्या अंगावर घेऊन बोलायचं. 'अजचा अर्थ मुळी बोकड नाहीच' हे ढालीसारखं पुढे करायचं नाही.

आणि आजीशी लिंकने बोलायचं नसतं रे. तिच्या शेजारी बसायचं. नवस तिने प्रेमाने बोललाय, तो फेडायचाच. बऱ्याच घरांत बोकडाच्या जागी नारळ किंवा कोहळा देतात, काही जण बोकड देवाच्या नावाने सोडून देतात. तिला विचार, आजी, यातलं तुझ्या देवाला काय चालेल? देव तिचा जुना ओळखीचा आहे, तिला उत्तर ठाऊक असेल.

दुसरी एक गोष्ट त्याला सांगितली. हिंदमाताहून चालत जाण्याइतक्या अंतरावर, दादर पूर्वेला दादासाहेब फाळके रोडवर संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरच्या उपचारांसाठी गावागावांतून आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. बहुतेक जण तिच्यावरून जातात, नावाची पाटी वाचतात आणि पुढे जातात. हे गाडगेबाबा, म्हणजे डेबूजी झिंगराजी जाणोरकर, 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परीट घरात जन्मले. त्यांच्याकडे बारशाला बोकड कापायचा आणि दारू द्यायची रीत होती. स्वतःच्या पहिल्या मुलीच्या बारशाला डेबूजींनी ती मोडली आणि भावकीला गोडाचं जेवण घातलं. भावकी रुसली, बोलली. ते शास्त्र सांगायला गेले नाहीत. शाळाही शिकलेले नव्हते, अजची फोड त्यांना कुणी शिकवली असेल असं वाटत नाही. पण पुढे आयुष्यभर कीर्तनातून त्यांनी देवापुढच्या पशुहत्येवर लोकांना प्रश्न विचारले आणि उत्तरं त्यांच्याच तोंडून काढून घेतली. त्यांची दशसूत्री वाचलीत तर भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी यांच्याच रांगेत मुक्या प्राण्यांना अभय येतं. त्या बारशाच्या दिवशी भावकीच्या गोटात जाणं किती सोपं होतं!

एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण कमेंटमध्ये दरवेळी कुणीतरी हे वळवतं. ही कथा शेजाऱ्याच्या ताटात डोकवायला दिलेली नाही. दुसऱ्या धर्माचा सण आला की ज्यांना अहिंसा आठवते आणि श्रावण संपला की विसरते, त्यांनी पंचतंत्रातलं मांजर पुन्हा वाचावं. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मटण शिजतं, माझ्या वाचकांत एकवीरेला जाणारी कोळी घरंही आहेत. इथे प्रश्न पंचाचा चालू आहे: मला विचारलं गेलं तेव्हा मी शब्दाकडे पाहिलं की माणसांकडे.

वसूचं पुढे काय झालं ते राहिलं. विवरात पडला तरी नारायणाच्या कृपेने त्याची स्मृती गेली नाही. देवांना वाईट वाटलं, आपल्यामुळे हा पडला. त्यांनी व्यवस्था केली की यज्ञात ब्राह्मण तुपाची जी अखंड धार सोडतील ती तुला पोचेल, तुला भूक तहान लागणार नाही. तीच वसोर्धारा, होमाच्या शेवटी लाकडी पळीतून तुपाची सलग धार सोडतात, ती पाहिली असेल. म्हणजे ज्यांच्यासाठी तो खोटं बोलला त्यांनी त्याला उपाशी ठेवलं नाही. बाहेर मात्र काढलं नाही. वसू त्या अंधारात बसून नारायणाचं पूजन आणि जप करत राहिला, पाच वेळा, नेमाने. शाप चुकीचा होता असं तो एकदाही म्हणत नाही. शेवटी भगवंतांनी गरुडाला पाठवलं, आणि गरुडाने त्याला उचलून पुन्हा आकाशात नेलं.

जाता जाता दक्षही आठवला. शंकराची निंदा करणारं ते तोंड; भागवतात नंदीश्वराने शाप दिला की याचं तोंड बोकडाचं होईल, आणि यज्ञ उद्ध्वस्त झाल्यावर शंकरांनी त्याला खरोखर बोकडाचं शिर लावून उठवलं. भृगूला बोकडाची दाढी मिळाली. शंकराच्या देवळात गालांवर बोटं मारत जो आवाज काढतात तो दक्षाच्या या स्तुतीची आठवण म्हणून, असं सांगितलं जातं. माणसाच्या तोंडाने केली ती निंदा, आणि स्तुती सुचली बोकडाच्या तोंडाने. या आठवड्यात कुणी तुम्हाला 'गोट' म्हटलं तर हा प्रसंग आठवून हसा.

उद्याचं वाचन : भागवत, नववा स्कंध, एकोणिसावा अध्याय. ययाती देवयानीला एका बोकडाची आणि विहिरीत पडलेल्या शेळीची गोष्ट सांगतो. ती गोष्ट खरी कुणाची आहे हे देवयानीला कळतं, वाचताना तुम्हालाही कळेल. बोकडासाठी गोष्टीच्या सुरुवातीला शब्द आहे 'बस्त', म्हणून उद्या कोश लागणार नाही. आधी वाचून या, मग बोलू.

राम कृष्ण हरी.